मागच्या खोलीतला राऊटर

दिल्लीत द्वारकेतला फ्लॅट ताब्यात आला तेव्हा बिल्डरच्या नकाशात स्वयंपाकघरामागच्या खोलीवर 'सर्व्हंट' एवढाच शब्द छापलेला होता. आमच्याकडे राहायला असणारी बाई कधीच नव्हती, म्हणून ती खोली मला मिळाली. "चलो, तुला ऑफिस झालं," असं नवरा म्हणाला आणि मलाही तेव्हा ते खरंच वाटलं. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून काम करायचे. पोळ्यांचा डबा सरकवायचा आणि तिथे लॅपटॉप ठेवायचा. इथे निदान दार लावता येत होतं.

दार लावलं की वायफाय जायचं.

इंटरनेटचा डबा दिवाणखान्यात, टीव्हीच्या मागे होता. तो लावायला कंपनीचा माणूस आला तेव्हा मी घरी नव्हते. त्याने विचारलं, "सर, कहाँ लगाऊँ?" आणि नवऱ्याने टीव्हीकडे बोट दाखवलं. टीव्हीसमोर दिवसभर सासरे, म्हणजे अप्पा, बसतात, संध्याकाळी मंत्रालयातून आला की नवरा बसतो. त्या डब्यापासून माझ्या खोलीपर्यंत स्वयंपाकघर, फ्रीज आणि बाथरूमची टाइल लावलेली जाड भिंत. एवढं ओलांडून माझ्यापर्यंत जे पोचायचं त्याला इंटरनेट म्हणणं म्हणजे ताकाच्या निवळीला दूध म्हणण्यासारखं होतं. मोबाइलचीही तीच गत. तिन्ही बाजूंनी उंच इमारती, त्यामुळे त्या खोलीत फोनलासुद्धा धड रेंज नाही.

घरात इंटरनेटवर पोट भरणारी एकटी मीच होते. मी दुभाष्याचं काम करते. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून माणसं उपचारासाठी दिल्लीला येतात. त्यांना डॉक्टरांचं बोलणं कळत नाही, डॉक्टरांना त्यांचं. एका एजन्सीमार्फत हॉस्पिटलं माझ्यासारख्यांना व्हिडिओ कॉल लावतात. डॉक्टरांच्या टेबलावर एक स्क्रीन असते, त्यात मी. डॉक्टर बोलतात, मी मराठीत सांगते. पेशंट बोलतो, मी उलट सांगते. घरातल्यांच्या देखत हे करता येत नाही. कुणाच्या गर्भाशयात काय निघालं, हे मी सासऱ्यांच्या मालिकेच्या आवाजात कसं सांगणार? म्हणून ती मागची खोली.

तक्रार मी पहिल्या आठवड्यापासून करत होते. नवरा म्हणायचा, "मला तर चालतंय." तो हे बोलायचा तेव्हा डब्यापासून दोन हातांवर बसलेला असायचा. गुडगावला आयटीत असलेले माझे धाकटे दीर म्हणायचे, "वहिनी, तुमचा लॅपटॉप जुना झालाय." सासरे फक्त टीव्हीचा आवाज थोडा वाढवायचे. मी काय करायचे, तर दार उघडं ठेवून उंबऱ्यात खुर्ची टाकायचे, पाठ स्वयंपाकघराकडे, आणि कुकरची शिट्टी झाली किंवा डोक्यावरून विमान गेलं की माइक बंद करायचे. असं दीडेक वर्ष चाललं. आता आठवलं की अंगाची लाही होते. इतके दिवस मी उंबऱ्यात बसून काम केलं आणि घरातल्या कुणालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

मग त्या ताईंचा कॉल आला.

त्या यवतमाळकडच्या होत्या. साडीचा पदर डोक्यावर, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. शेजारी नवरा बसला होता, त्याचं हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टर तरुण होत्या, इंग्रजीत भराभर बोलत होत्या. मी एकेक वाक्य पुढे देत होते. डॉक्टर शेवटी म्हणाल्या की ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे आणि रक्त पातळ करणारी ती लाल गोळी आजपासून पूर्ण बंद करायची, नाहीतर ऑपरेशनच करता येणार नाही.

मी सांगायला लागले. "ताई, ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. आणि ती लाल गोळी आहे ना, रक्त पातळ करायची, ती आजपासून..."

ताई गोठल्या. तोंड अर्धवट उघडं, मान हलवायच्या बेतात. मला वाटलं त्या विचार करतायत. मग दिसलं की मागची नर्ससुद्धा हवेत हात धरून उभी आहे.

लॅपटॉप उचलून मी दिवाणखान्यात धावले. सासरे दचकून म्हणाले, "काय झालं?" वायफाय जोडलं गेलं तोवर स्क्रीनवर 'कॉल संपला' असं आलेलं होतं. पेशंटचा नंबर आम्हाला देत नाहीत, तसा नियमच आहे. मी एजन्सीच्या समन्वयक मुलीला फोन केला. तिला सांगितलं, गोळी बंद करायची आहे हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही, ताबडतोब हॉस्पिटलला कळवा. ती म्हणाली, "ओके मॅम, नोट कर लिया. मेल डाल देती हूँ." तासाभराने मी पुन्हा फोन केला. तिची शिफ्ट संपली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या नावापुढे शेरा आला, 'दुभाष्याने कॉल मध्येच सोडला.'

त्या रविवारी दीर जेवायला आले होते. मी वाढता वाढता विषय काढला. त्यांनी फोनवर बोट फिरवत एक चित्र दाखवलं. पांढरेशुभ्र तीन डबे, तीन खोल्यांत ठेवायचे. "वहिनी, बेसिकली तुम्हाला मेश सिस्टिम लागेल. थोडं महाग आहे. दिवाळीच्या सेलला घेऊ."

दिवाळीला पाच महिने होते.

"एक साधा राऊटर घेतला आणि हॉलमधल्या डब्यापासून माझ्या खोलीपर्यंत एक लांब वायर टाकली तर?" मी विचारलं. हे मी आदल्या दिवशी वाचलं होतं.

ते हसले. "वायर? आजकाल कोण वायर टाकतं यार?"

नवराही हसला. हातात आमटीचा डाव होता, तो मी भांड्यात सोडून दिला आणि खोलीत गेले. दोघांनी नंतर स्वतःच भात वाढून घेतला असावा.

मला राऊटरमधलं काही कळत नव्हतं, पण वाचता येत होतं. चार दिवस कॉलच्या मधल्या वेळात मी वाचत बसले. दोन प्रकारच्या लहरी, म्हणजे बँड, असतात. एक भिंतीतून पार जाते पण सावकाश चालते, दुसरी पळते पण भिंत आली की दम सोडते. दोन्ही देणारा साधा राऊटर स्वस्तात मिळतो. अँटेना किती आहेत त्यावर फारसं काही अवलंबून नसतं. मला घरभर जाळं नकोच होतं, एका खोलीत एका लॅपटॉपला न तुटणारी ओळ हवी होती. आणि ती वायरनेच सगळ्यात पक्की मिळते. दिरांना हे माहीत नसेल असं मला अजूनही वाटत नाही. त्यांना फक्त माझ्या खोलीसाठी इतका विचार करायची गरज भासली नव्हती.

आमच्या सेक्टरच्या मार्केटमध्ये एक दुकान आहे. तिथे गेले तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, सर को भेज दीजिए, मैं समझा दूँगा."

"मुझे समझाइए," मी म्हटलं.

त्याने कोळ्यासारखा दिसणारा, आठ अँटेनांचा काळा डबा काढला. म्हणाला, बच्चों के गेम के लिए बेस्ट है. मी म्हटलं, घरात कुणी गेम खेळत नाही, मुलगी बंगळूरला असते. मला दोन्ही बँडचा, सगळ्यात साधा द्या, आणि त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरता आलं पाहिजे. तो म्हणाला, "सब में होता है." मी खोक्यावर बारीक अक्षरात वाचलं. त्या एका मॉडेलमध्ये नव्हतं. मी दुसरं मागितलं. मग तिसरं. तो जांभई द्यायला लागला, पण मी काउंटर सोडलं नाही. शेवटी चार अँटेनांचा एक पांढरा डबा मिळाला, दिरांच्या त्या संचाच्या मानाने पाव किमतीतला. त्याच्यासोबत लांब लॅन केबल आणि भिंतीवर ठोकायच्या प्लास्टिकच्या क्लिपांची पुडी.

घरी येऊन इंटरनेट कंपनीला फोन लावला. त्यांच्या डब्याला माझा डबा जोडला तर चालेल ना, एवढंच विचारायचं होतं. पलीकडचा माणूस म्हणाला, बाहेरचा राऊटर आमच्या लाइनवर चालतच नाही, तुम्हाला वरचा प्लॅन घ्यावा लागेल. हे धादांत खोटं होतं, आणि आता मला ते खोटं आहे हे कळत होतं. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "मॅडम, कनेक्शन सर के नाम पर है. सर से बात करवाइए."

मी फोन ठेवला. त्या क्षणी मला कुणाचा जास्त राग आला होता ते सांगता येणार नाही. त्या माणसाचा, दुकानदाराचा, की ज्याच्या नावावर लाइन होती आणि जो मला रोज सांगत होता की मला तर चालतंय.

शनिवारी सकाळी मी हातोडी काढली. नवरा चहा घेत होता. केबल टीव्हीमागून काढून छताच्या कडेने नेत मी दोन क्लिपा ठोकल्या तेव्हा तो उठला.

"हे काय? आत्ताच पेंट केलाय."

"हो."

"अगं, पण दिसतंय किती वाईट. कुणी आलं तर? घर म्हणजे काय ऑफिस आहे?"

मी स्टुलावरून खाली उतरले. एरवी मी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "माझं ऑफिस आहे," मी म्हटलं. "तुझं मंत्रालयात आहे. तिथे तुझ्या टेबलापर्यंत वायर जाते की नाही? की तूही उंबऱ्यात बसतोस?"

"तसं नाही गं..."

"वायर चालत नसेल तर एक करू. टीव्ही आणि डबा मागच्या खोलीत नेऊ. अप्पा तिथे बसतील, संध्याकाळी तूही बस. मी हॉलमध्ये काम करते. भिंत अजिबात खराब होणार नाही."

बाल्कनीत जाऊन त्याने पेपर उघडला. सासरे सोफ्यावरून हे सगळं ऐकत होते. त्यांनी विचारलं, "माझी मालिका लागायच्या आधी होईल ना?" मी हातोडी जोरात हाणली आणि पुढची क्लिप वाकडी बसली. ती अजून तशीच आहे. थोड्या वेळाने मात्र ते उठले, काठी भिंतीला टेकवली आणि स्टूल दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, त्यांच्या धरण्याने स्टुलाला काही आधार मिळत नव्हता. तरी मी नको म्हटलं नाही.

वायर स्वयंपाकघराच्या दारावरून, फ्रीजच्या मागून माझ्या खोलीत आली. राऊटर खिडकीशेजारच्या फळीवर ठेवला. दिवे लागले, पण इंटरनेट येईना. उलट हॉलमधलंही गेलं, आणि बाल्कनीतून नवऱ्याने लगेच विचारलं, "नेट गेलं का गं?" माझं दीड वर्ष जात होतं तेव्हा त्याला पत्ता लागला नव्हता. त्याचं गेल्याचं मिनिटाच्या आत कळलं.

गोंधळ असा होता की दोन्ही डबे एकच पत्ता सांगत होते. दोघेही स्वतःला घरचा कर्ता समजत होते. मी माझ्या राऊटरची केबल काढली, लॅपटॉप थेट त्याला जोडला, डब्याच्या बुडाशी छापलेला पासवर्ड घालून आत शिरले आणि त्याला ॲक्सेस पॉइंट करून टाकला. म्हणजे त्याने कारभार करायचा नाही, फक्त आलेलं पुढे द्यायचं. मग पासवर्ड बदलला, केबल परत लावली. दार लावून घेतलं आणि मुलीला व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, "आई, तू इतकी क्लिअर कधीच दिसली नाहीस. रडतेयस का?" मी म्हटलं, नाही, भिंतीची धूळ गेलीय डोळ्यांत. धूळ गेली होती हेही खरंच.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच हॉस्पिटलचा कॉल आला. मराठीचे दुभाषे एजन्सीकडे फार नाहीत, त्यामुळे तेच पेशंट परत भेटतात. स्क्रीन उघडली तर त्या ताई.

त्यांनी मला ओळखलं. "तुमीच होत्या ना बाई त्या दिवशी? बोलता बोलता गेल्या."

"मीच होते. झालं का ऑपरेशन?"

"कुठचं होते! तुमी म्हनलं, लाल गोयी आजपासून. म्या आजपासून नेमानं देल्ली. आधी कधी कधी विसरत होती, तुमी सांगतल्यावर एक दिवस चुकवला नाही. भरती व्हायच्या दिवशी रक्त तपासलं तं डॉक्टर लय बोलले मले. म्हने, बंद कराची होती. तारीख गेली. आता धरमशाळेत पडून आहो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "माहीच चूक झाली बाई. मले नीट ऐकू आलं नसन."

मेल गेला नव्हता, किंवा गेला आणि कुणी वाचला नव्हता. या बाईने नवऱ्याला नेमाने गोळ्या दिल्या आणि वर बोलणी खाऊन दोष स्वतःकडे घेतला होता.

"ताई, तुमची चूक नाही," मी म्हटलं. "तुम्हाला नीटच ऐकू आलं. माझी लाइन तुटली. पुढचा शब्द 'बंद' होता, तो तुमच्यापर्यंत आलाच नाही." मग समोरच्या डॉक्टरांनाही मी तेच इंग्रजीत सांगितलं, सावकाश, एकही शब्द न गाळता. ही चूक या बाईंची नव्हती, कृपया तसं केसपेपरवर लिहा. डॉक्टरांनी तसं केसपेपरवर लिहिलं. मग त्या ताईंकडे वळून मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "सॉरी, माँ जी." ते मी भाषांतरित केलं नाही. ताईंना कळलं होतं.

त्या दिवशी सगळं समजावून झालं. कोणती गोळी बंद, कोणती चालू, कधीपासून, उपाशीपोटी केव्हा यायचं. प्रत्येक गोष्ट मी ताईंकडून परत म्हणून घेतली. लाइन एकदाही हलली नाही.

जेवताना मी हे घरात सांगितलं. नवरा ऐकत होता, घास हातातच राहिला होता. त्याला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण तो म्हणाला काय, तर, "अगं, पण हे इतकं सीरियस आहे, असं तू आधी सांगायला हवं होतंस."

आयुष्यात मला इतका राग क्वचितच आला असेल. "मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "पहिल्या आठवड्यात सांगितलं, दर महिन्याला सांगितलं, तुझ्या भावासमोर सांगितलं. तू हसलास. माणूस मरायला टेकल्याशिवाय माझं काम सीरियस होत नाही का? आणि समजा मी नुसत्या कविता भाषांतरित करत असते, तरी मला दार लावून बसायचा हक्क नव्हता?"

सासऱ्यांनी टीव्ही बंद केला. मी सांगितल्याशिवाय तो टीव्ही बंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. नवरा म्हणाला, "चुकलं माझं." मी बरं म्हटलं नाही. माझी भांडी उचलून सिंकमध्ये ठेवली आणि आत गेले. दोन दिवस मी कामापुरतंच बोलले. त्यानंतर त्याने स्वतः कंपनीच्या ऑफिसात जाऊन कनेक्शन माझ्या नावावर करून आणलं. मी ते करायला सांगितलं नव्हतं. राग त्याने कमी झाला, गेला नाही.

ऑपरेशन झालं. घरी सोडतानाचा कॉल नशिबाने माझ्याचकडे आला. ताईंचा नवरा पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "हे रोज मले गोयीचा रंग इचारते. शाळाच लावली हिनं." ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

एजन्सीच्या नोंदीत मात्र माझ्या नावापुढे तो शेरा अजून आहे, कॉल मध्येच सोडला. मी तो काढायला तीनदा लिहिलं. उत्तर येतं की शेरे आपोआप पडतात, काढता येत नाहीत. मी लिहीतच राहणार आहे. आणि लाइन तुटली की निरोप कुणी, कुणाला, किती वेळात पोचवायचा, हेही मी विचारलं आहे. त्याचं उत्तर अजून नाही.

गेल्या महिन्यात दिरांचा फोन आला. "वहिनी, तुम्ही तो राऊटर कुठला घेतलात? माझ्या सासऱ्यांकडे लावायचाय. मेश त्यांना फार महाग पडेल."

मी मॉडेल सांगितलं, दुकान सांगितलं, खोक्यावर काय वाचायचं तेही सांगितलं.

"आणि ठेवायचा कुठे? टीव्हीपाशीच ना?"

"तुमच्या सासूबाई शिवणाचे क्लास ऑनलाइन घेतात ना? त्या कुठे बसतात?"

ते म्हणाले, "खरं सांगू का वहिनी, मला माहीत नाही."

"मग आधी त्यांना विचारा," मी म्हटलं, "आणि मला परत फोन करा." अजून त्यांचा फोन आलेला नाही.